उन्हातले आंतरपीक

सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत डाळिंबाच्या बागांवर जुन्या साड्या पांघरलेल्या दिसतात. गठ्ठ्याने विकत आणलेल्या, गुलाबी, हिरव्या, कुठे जरीचे काठ शाबूत असलेल्या. आंबे बहाराची फळे या दिवसांत पोसत असतात आणि दुपारचे तिरपे ऊन थेट फळावर आले की साल करपते. डागी फळाचा भाव पडतो. म्हणून बागाईतदार साड्या नाही तर शेडनेट आणतो आणि मजुरी देऊन झाडांवर बांधून घेतो. नाशिककडे द्राक्षाच्या घडांना कागद गुंडाळतात. रोपवाटिका तर शेडनेटशिवाय चालतच नाही. पदरचे पैसे मोडून सावली विकत घेणारा हा शेतकरी सौर पॅनेलचा विषय निघाला की मात्र म्हणतो, "सावलीत पीक येत नाही." त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. कोणत्या पिकाला, कोणत्या महिन्यात, किती सावली, याचा हिशेब मांडल्याशिवाय ते खरेही ठरत नाही. हे प्रकरण त्या हिशेबाचे आहे.

आधी पानाकडे पाहू. भर दुपारी निरभ्र आकाशातून जितका प्रकाश शेतावर उतरतो तितका सोयाबीन, हरभरा, गहू, कापूस, भाजीपाला यांचे एकटे पान वापरू शकत नाही. पूर्ण उन्हाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा निम्म्यापर्यंत प्रकाश वाढवत नेला तर पानातले अन्न तयार करण्याचे काम वाढत जाते. त्यापुढे प्रकाश कितीही वाढवा, काम तेवढेच राहते. या मर्यादेला प्रकाश-संपृक्तता म्हणतात. वरचा प्रकाश वाया जातो इतकेच नाही, तो पान तापवतो. तापलेले पान पाणी वाचवण्यासाठी आपली रंध्रे मिटून घेते, आणि रंध्रे मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. म्हणजे ऊन सर्वांत जास्त असते त्याच वेळी पीक काम थांबवून बसते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची घडण वेगळी आहे. त्यांना जवळजवळ सगळे ऊन पचते.

यात एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. शेत म्हणजे एकटे पान नव्हे. वरच्या पानांना प्रकाश जास्त होतो, पण त्याच झाडाची खालची पाने अर्धपोटी असतात. त्यामुळे एका पानावरून काढलेला आकडा अख्ख्या शेताला लावला तर फसगत होते. तरीही मूळ मुद्दा टिकतो: उन्हाचा काही भाग पिकाला न दुखावता काढून घेता येतो. तो किती, हे प्रत्येक ठिकाणी शेतातच मोजावे लागते.

हे मोजण्याची कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात. अडोल्फ ग्योट्झबर्गर या भौतिकशास्त्रज्ञाने १९८१ साली तिथे सौरऊर्जेची फ्राउनहोफर संस्था स्थापन केली आणि त्याच सुमारास आर्मिन झास्ट्रोव्ह या सहकाऱ्याबरोबर एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता 'कलेक्टरखाली बटाटे'. त्यांचे गणित सरळ होते. पॅनेलच्या ओळी जमिनीला चिकटवून न मांडता दोन मीटर उंच उचला, आणि दोन ओळींमधले अंतर पॅनेलच्या उंचीच्या साधारण तिप्पट ठेवा. मग सावलीचे पट्टे दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात, कोणतीही जागा कायमची अंधारात राहत नाही, आणि सुमारे दोन तृतीयांश प्रकाश पिकापर्यंत पोहोचतो. त्या काळात सौर पॅनेल इतके महाग होते की हा लेख कागदावरच राहिला. कल्पना बरोबर असूनही तिला दोन-तीन दशके थांबावे लागले.

२०१६ साली त्याच संस्थेने कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या हेगेलबाख या सेंद्रिय शेतीच्या वाडीवर एक तृतीयांश हेक्टरात १९४ किलोवॅटचे पॅनेल उभारले. खाली पाच मीटर मोकळी उंची ठेवली, कापणी यंत्र सहज फिरावे म्हणून. पॅनेल बरोबर दक्षिणेकडे न करता नैर्ऋत्येकडे वळवले. वीज थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण खालचा प्रकाश सारखा वाटला जावा, हा हेतू. गहू, बटाटा, सेलेरियाक नावाचे कंदमूळ आणि जनावरांसाठी क्लोव्हर गवत अशी चार पिके घेतली. पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये, गवत ५ टक्क्यांनी आणि बाकीची पिके १८-१९ टक्क्यांनी घटली. इथेच प्रयोग थांबला असता तर "सावलीत पीक येत नाही" यावर शिक्का बसला असता. पण २०१८ चा उन्हाळा युरोपात कडक आणि कोरडा गेला. त्या वर्षी पॅनेलखालचा गहू उघड्या शेतापेक्षा ३ टक्के, बटाटा ११ टक्के आणि सेलेरियाक १२ टक्के जास्त आला. गवत मात्र ८ टक्क्यांनी कमीच राहिले. शेत तेच, खांब तेच, पॅनेल तेच. फरक पावसाचा होता. ओलाव्याच्या वर्षी सावलीची किंमत मोजावी लागली, दुष्काळी वर्षी तीच सावली कामी आली. मराठवाड्याच्या वाचकाने हे दोन ओळींचे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

त्या वर्षीच्या बटाट्याचा हिशेब फ्राउनहोफरने असा मांडला: खांबांनी अडवलेली जागा वजा जाता बटाटा १०३ टक्के, आणि नुसत्या सौर प्रकल्पाच्या तुलनेत वीज ८३ टक्के. बेरीज १८६. म्हणजे बटाटा आणि वीज वेगवेगळ्या जमिनींवर घेतली असती तर एका हेक्टरच्या जागी पावणेदोन हेक्टरांहून अधिक जमीन लागली असती.

बेरजेची ही रीत कुठून आली? आपल्या ज्वारी-तुरीतून. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली उभी राहिली. ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास, हे दख्खनच्या शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गणित तिथे शास्त्रज्ञांनी तपासायला घेतले. ज्वारी लवकर उंच होते आणि निघून जाते. तूर तोवर हळू वाढते आणि ज्वारी काढल्यावर फैलावते. दोघी एकाच जमिनीतल्या ओलाव्याला आणि उन्हाला वेगवेगळ्या वेळी हात घालतात. पण या जोडीचा फायदा सांगायचा कसा? ज्वारीची क्विंटल आणि तुरीची क्विंटल यांची बेरीज निरर्थक. तिथे काम करणारे विली आणि ब्रिटनमधले संख्याशास्त्रज्ञ मीड यांनी १९८० साली त्यासाठी भू-तुल्यता गुणोत्तर या मापाची नीट मांडणी केली: आंतरपिकातले उत्पादन स्वतंत्रपणे घ्यायला किती जमीन लागली असती? उत्तर एकाहून जास्त आले तर जोडी लाभाची. फ्रान्समध्ये माँपेलिएला क्रिस्तियाँ द्युप्रा हे झाडे आणि धान्य एकत्र घेण्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी २०११ साली हेच माप पॅनेल आणि गव्हाला लावले. त्यांच्या संगणकी अंदाजात जमिनीची उत्पादकता ३५ ते ७३ टक्क्यांनी वाढत होती.

मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. सौर पॅनेल शेतात आले तर त्यांच्याकडे आंतरपीक म्हणून पाहावे, आणि आंतरपिकाचे सगळे जुने नियम त्यांना लावावेत. जोडीतले एक पीक दुसऱ्याला गिळत असेल तर ती जोडी मोडतात. आंतरपीक किती दाट, तास कोणत्या दिशेला, कोणते वाण, हे मुख्य पिकाकडे बघून ठरते. तुरीने ज्वारीचे शेत व्यापले तर त्याला कोणी आंतरपीक म्हणत नाही. विजेलाही हाच न्याय.

कोरड्या, उष्ण प्रदेशांतले अनुभव आपल्याला अधिक जवळचे आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ग्रेग बॅरन-गॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी पॅनेलखाली मिरचीचे दोन प्रकार आणि टोमॅटो लावले. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. चिल्टेपिन या बारीक मिरचीचे उत्पादन तिप्पट, टोमॅटोचे दुप्पट. हालापेन्यो मिरची उघड्यावर जितकी आली तितकीच आली, पण पानांतून उडून जाणारे पाणी ६५ टक्क्यांनी कमी झाले. एक दिवसाआड पाणी दिले तेव्हा जमिनीतला ओलावा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त टिकला. तिपटीचा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. पण चिल्टेपिन ही मुळात वाळवंटातल्या झाडांच्या आसऱ्याने वाढणारी रानमिरची आहे, हे त्याबरोबर सांगायला हवे. तिला तिचे घर परत मिळाले होते. आपल्या लवंगी मिरचीला तोच आकडा लावू नये.

त्या प्रयोगातली आणखी एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. पीक असलेल्या जागी पॅनेल दिवसा सुमारे ९ अंशांनी थंड राहिले. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर तापमान गेले की दर अंशाला वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. खालचे पीक पाणी सोडते, हवा थंड करते, आणि वरची वीज वाढते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे.

आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत १०५ किलोवॅटची अशी व्यवस्था उभी आहे. तिथे पॅनेलच्या मधल्या पट्ट्यांत आणि खाली मूग, मटकी, हरभरा, जिरे, इसबगोल अशी बुटकी पिके घेतात. राजस्थानी शहाणपणाला साजेशी गोष्ट म्हणजे पॅनेलच्या खालच्या कडेला पन्हळी लावून पावसाचे पाणी टाकीत साठवतात. त्यातूनच धुळीने माखलेले पॅनेल धुतात आणि पिकाला संरक्षित पाणी देतात. महाराष्ट्रासाठीही फ्राउनहोफरने प्राथमिक अभ्यास केला होता. सावली आणि घटलेले बाष्पीभवन यांमुळे टोमॅटो आणि कापसाचे उत्पादन ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज आहे, शेतातून काढलेला कापूस नव्हे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने जर्मन सहकार्याने या पद्धतीचे काम हाती घेतले आहे. खरी उत्तरे अशाच ठिकाणाहून यायला हवीत.

कारण आपला खरीप ना जर्मनीसारखा आहे ना ॲरिझोनासारखा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पिकाला ऊन जास्त होत नाही, कमी पडते. आठ-आठ दिवस झड लागते, आकाश उतरून येते, कोकणातल्या भाताला तर प्रकाशाचीच वाण असते. त्यात पॅनेलने आणखी तिसरा हिस्सा काढून घेतला तर सोयाबीन उंच, लुसलुशीत वाढेल आणि शेंगा कमी धरेल. दुसरी भीती रोगांची. सावलीत पान उशिरापर्यंत ओले राहते आणि ओल्या पानावर बुरशी रुजते. द्राक्षाच्या शेतकऱ्याला डावणी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. उलट रब्बीचा हरभरा शेवटच्या टप्प्यात फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो, आणि उन्हाळी भाजीपाला, मेथी-कोथिंबीर तर ऊन चढले की टिकतच नाही. म्हणजे आपल्याकडे एकाच शेतात सावली चार महिने जड जाणार आणि आठ महिने हवीशी वाटणार. सूर्याबरोबर फिरणारे किंवा हवे तेव्हा उभे करता येणारे पॅनेल यावर उपाय आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये तीव्र उन्हात द्राक्षवेलींवर आडवे होणारे आणि ढगाळ दिवशी बाजूला वळणारे पॅनेल २०१८ पासून वापरात आहेत. ते महाग पडतात.

सावली सोसणारी पिके आपल्याकडे नाहीत असे नाही. हिंगोली, नांदेड, सांगलीची हळद आणि साताऱ्याचे आले विरळ सावलीत चांगले येते. गोव्यातले कुळागर तर या विचाराचे सर्वांत जुने रूप आहे: वर माड-पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, मध्ये केळी, खाली अननस आणि आले. तिथे प्रत्येक मजल्याचे ऊन ठरलेले असते.

आता जपानकडे वळू, कारण शेती आणि वीज यांतले भांडण सोडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न आधी तिथे झाला. अकिरा नागाशिमा या निवृत्त अभियंत्याने उतारवयात जीवशास्त्राचा अभ्यास केला. प्रकाश-संपृक्ततेची गोष्ट वाचनात आल्यावर त्यांनी २००४ च्या सुमारास चिबा प्रांतात उंच सांगाड्यांवर अरुंद पॅनेल विरळ लावून पाहिले. सुमारे एक तृतीयांश सावली, खाली लहान ट्रॅक्टर चालेल इतकी उंची. सावलीचे वैर असलेला मकासुद्धा त्यांनी घेतला, आणि विरळ पॅनेलखाली तो उघड्या शेताहून ५.६ टक्के जास्त आल्याचे २०१९ च्या निबंधात नोंदवले आहे. तुकडा अगदी छोटा होता, त्यामुळे मी यावर घर बांधणार नाही. पण तो आकडा विचार करायला लावतो.

जपानमध्ये शेतजमिनीचा वापर बदलणे अवघड आहे. तिथल्या कृषी मंत्रालयाने २०१३ साली अशा सांगाड्यांच्या खांबांपुरती तात्पुरती परवानगी देऊ केली, पण अटींवर. खालचे उत्पादन त्या परिसराच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये, आणि दरवर्षी पिकाचा अहवाल द्यायचा. जर्मनीने २०२१ साली आपले मानक ठरवले: उत्पादन नेहमीच्या किमान ६६ टक्के हवे आणि उंच सांगाड्यांमुळे १० टक्क्यांपेक्षा जास्त जमीन वाया जाऊ नये. पळवाटा निघाल्याच. वीज विकण्यापुरती शेती दाखवायची, देखभाल न लागणारे काहीतरी लावून ठेवायचे, असे प्रकार जपानमध्ये झाले. तरी नियम होता म्हणून निदान चोरीला चोरी म्हणता आले.

आपल्याकडे २०२४-२५ च्या आकड्यांनी हिशेब कसा बसतो ते पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमीन भाडेपट्ट्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. म्हणजे एकरी ५०,००० रुपये. आता जिरायती सोयाबीन घ्या. एकरी आठ क्विंटल धरले आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला असे मानले, तरी हातात सुमारे ३९,००० रुपये येतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी वजा करायची. जमीनमालकाने भाडे पत्करले तर त्याला दोष देता येणार नाही. ही योजना मुळात चांगल्या कारणासाठी आहे: रात्रीच्या लाईटीच्या पाळीला विंचू-काट्यांत मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. ते झालेच पाहिजे. पण जमिनीला टेकलेल्या पॅनेलच्या कुंपणाआड शेत गेले की मालकाला भाडे मिळते, आणि त्या शेतावर खुरपायला, काढणीला जाणाऱ्या बायांना काहीच मिळत नाही. बटईने करणाऱ्याचे शेतच जाते. भाडेपट्ट्याच्या कागदावर त्यांची नावे नसतात.

एका मेगावॅटला जमिनीलगतच्या पॅनेलसाठी साधारण चार एकर लागतात. दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे, म्हणजे सुमारे ६४,००० एकर. त्यात सरकारी जमिनी आहेत, गायरानेही आहेत. तिथे उंच सांगाड्यांची चैन परवडणार नसेल तर निदान मेंढ्या आत सोडाव्यात. अमेरिकेत सौर प्रकल्पांतले गवत काढण्यासाठी मेंढपाळांना पैसे देऊन बोलावतात. मेंढी गवत खाते आणि सावलीत बसते. शेळी मात्र चालत नाही. ती पॅनेलवर चढते आणि वायरी कुरतडते. धनगराच्या कळपाला कुंपणाबाहेर काढून आत यंत्राने गवत कापणे, याला मला कोणतेही कारण दिसत नाही.

केंद्राच्या कुसुम योजनेने २०१९ पासून लागवडीखालच्या जमिनीवर खांबांवर पॅनेल उभारून खाली पीक घ्यायची मुभा दिली आहे. दिल्ली सरकारने २०१८ च्या योजनेत साडेतीन मीटर उंची आणि एकरी वर्षाला एक लाख रुपये भाडे ठरवले होते. मुभा आहे, पण उंचीचा खर्च कोणी द्यायचा हे सुटलेले नाही. पॅनेल उंच गेले की वारा जास्त पकडतात. मग पाया खोल, लोखंड जाड, आणि धुवायला शिडी. विजेचा दर तोच राहिला तर कंपनी उंची कमी करणार, ओळी जवळ आणणार, आणि शेवटी 'खाली काहीतरी उगवते' एवढ्यावर समाधान मानणार. म्हणून विजेच्या दरातच उंचीचा आणि टिकलेल्या पिकाचा वाटा धरला पाहिजे, आणि त्याला जपानसारखी मोजणी जोडली पाहिजे.

ज्यांना असा प्रस्ताव येईल त्यांनी काही गोष्टी कागदावर घ्याव्यात. खांबांमधले अंतर आपल्या ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्राच्या रुंदीला बसते का, वळणाला जागा राहते का. तारा किती खोल पुरल्या आहेत, नांगराला लागणार नाहीत ना. पावसाचे पाणी पॅनेलच्या खालच्या कडेवरून एका रेषेत पडते. घराच्या पागोळ्यांखाली जसे खड्डे पडतात तसे शेतात पडतात, माती वाहते, आणि त्या रेषेतले पीक दबते. तिथे पन्हळी किंवा गवताचा पट्टा हवा. गारपिटीत कोणाचे नुकसान कोण भरणार? पॅनेल चाचणीत साधारण २५ मिलिमीटरच्या गारेला टिकतात, आणि आपल्याकडे त्याहून मोठ्या गारा पडलेल्या आहेत. फुटलेल्या काचा पिकात पडल्या तर ते पीक जनावरालाही घालता येत नाही. आणि सर्वांत आधी, पंचवीस वर्षांनी ते लोखंड आणि काँक्रीट कोण उचलणार.

एक काम मात्र शेतकऱ्याच्या हातात नाही. आपली सगळी वाणे उघड्या उन्हात निवडलेली आहेत. पैदासकार जेव्हा हजार रोपांतून दहा ठेवतो, तेव्हा पूर्ण उन्हात जे चांगले आले तेच ठेवतो. अर्ध्या सावलीत चांगली ठरली असती अशी रोपे त्याच चाळणीत गळून जातात. वाणावाणांतला हा फरक माँपेलिएला पॅनेलखाली लावलेल्या लेट्यूसमध्ये स्पष्ट दिसला. काही वाणांनी पाने रुंद करून कमी प्रकाश भरून काढला, काहींना ते जमले नाही. ज्वारीत घ्यायच्या तुरीसाठी स्वतंत्र निवड करावी लागते, हे इक्रिसॅटच्या त्या कामाच्या काळात आपल्याला कळले होते. आता हरभरा, हळद, मेथी, कापूस यांच्या संग्रहातली वाणे पॅनेलखाली आणि शेजारच्या उघड्या तुकड्यात एकाच वेळी लावून पाहायला हवीत, आणि निदान एक कोरडे व एक अतिवृष्टीचे वर्ष त्यांत यायला हवे. अकोल्याचा कापूस, राहुरीचा भाजीपाला, परभणीचा हरभरा, दापोलीचा भात: चारही कृषी विद्यापीठांकडे जमीन आहे, वाणे आहेत, आणि चार प्रकारचे ऊन आहे.